पुडी एक, प्रश्न तीन

वाचक विचारतात

या महिन्यात ग्वाल्हेरहून बरीच पत्रं आली आणि विषय जवळपास एकच निघाला: सहावी ते आठवीचं गणित हाताने करून कसं शिकवायचं, तेही अशा वर्गात जिथे एकाच बाकावर तीन पातळ्यांची मुलं बसतात. पत्रं आटोपशीर केली आहेत, नावं गाळली आहेत.

प्रश्न : ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका शाळेत सातवीला शिकवते. वर्गात ४२ मुलं. आठ-दहा जणांचे पाढेच कच्चे, पाच-सहा जण धडा आधीच संपवून बसलेले, बाकीचे मधले. अपूर्णांकांसाठी तीन गटांना तीन वेगळे उपक्रम देऊन पाहिले, तर सगळा तास या गटाकडून त्या गटाकडे धावण्यातच जातो.

तीन उपक्रम देऊच नका. साहित्य एक, पहिला प्रश्नही सगळ्यांना एकच; दुसरा प्रश्न मात्र ज्याचा त्याचा. अपूर्णांकांसाठी कागदाच्या पट्ट्यांइतकं स्वस्त आणि कामाचं दुसरं काही नाही.

पट्टी २४ सेंमी लांब आणि ३ सेंमी रुंद घ्या. २४ अशासाठी, की तिचे २, ३, ४, ६, ८, १२ भाग केले तर तुकडे अनुक्रमे १२, ८, ६, ४, ३, २ सेंमीचे येतात, कुठेही दशांश चिन्ह आडवं येत नाही. दुकानातला चार्ट पेपर २२ × २८ इंचांचा असतो, म्हणजे साधारण ५६ × ७१ सेंमी. त्यातून अशा ५० पट्ट्या निघतात. सात रंगांचे सात कागद आणा: एक रंग अख्ख्या पट्टीचा, उरलेले सहा तुकड्यांचे. ५० संच होतील. दोघांत एक संच धरला तर तुम्हाला २१ लागतात, बाकीचे दुसऱ्या तुकडीला द्या.

निम्मे, पाव आणि आठवे भाग मुलं घडी घालून करतील. तिसऱ्या भागाची घडी सातवीतही धड जमत नाही, तिथे फूटपट्टीने ८ सेंमी मोजायला लावा. आणि १/१२ ची पट्टी मुलांच्या कात्रीखाली देऊ नका. एका कापात एक मिलिमीटर जरी खाल्ला गेला, तरी बारा तुकडे जोडल्यावर पट्टी सेंटिमीटरभर आखूड भरते, आणि मग मूल डोळ्यांनी पाहतं की १२/१२ म्हणजे एक होत नाही. ही पट्टी कटरने तुम्हीच कापा. शिवाय प्रत्येक जोडीला एक न कापलेली, नुसत्या रेघा मारलेली पट्टी द्या. तुकडे तिच्यावर मांडायचे.

सगळ्यांचा पहिला प्रश्न असा: १/२ चा तुकडा एकाच रंगाच्या तुकड्यांनी पूर्ण झाका. किती रंगांनी झाकता येतो? हात लावण्याआधी प्रत्येकाने वहीत अंदाज लिहायचा. हे लिहिणं टाळलंत तर उपक्रम म्हणजे नुसतं कोडं जुळवणं होतं. उत्तर चार: दोन पाव, तीन १/६, चार १/८, सहा १/१२. तृतीयांशाने झाकत नाही, आणि वर्गातलं पहिलं खरं बोलणं इथेच सुरू होतं.

आता दुसऱ्या प्रश्नाच्या चिठ्ठ्या. पाढे कच्चे असलेल्यांना: याच चार जोड्या लिहा, मग ३/४ कशाकशाने झाकता येतो ते पाहा. मधल्यांना: बरोबर दोन रंग वापरून १/२ झाका, सगळे प्रकार शोधा. क्रम सोडला तर ते सातच आहेत: १/३ + १/६, १/३ + २/१२, १/४ + २/८, १/४ + ३/१२, १/६ + ४/१२, २/६ + २/१२, २/८ + ३/१२. पाच सापडले की मुलं 'झालं' म्हणून हात वर करतात. सात आहेत एवढंच सांगून पुढे जा. जे पुढे आहेत त्यांना: १/३ आणि १/८ दोन्ही वापरून १/२ का झाकता येत नाही, ते पट्ट्यांना हात न लावता सांगा. (१२ मधून ८ गेले, उरले ४, ३ सेंमीचे तुकडे ४ मध्ये बसत नाहीत.) एवढ्यावर भागलं नाही तर: बरोबर तीन रंगांनी किती प्रकारे? दोनच: १/४ + १/६ + १/१२ आणि १/६ + २/८ + १/१२.

चिठ्ठी कोणाला कोणती द्यायची हे गेल्या परीक्षेच्या गुणांवरून ठरवू नका. तास सुरू होताच कागदाच्या तुकड्यावर एकच गणित घ्या: १/२, १/३, ३/८ चढत्या क्रमाने लावा. ज्याने १/२, १/३, ३/८ असं लावलं तो छेद पाहून मोजतो आहे. त्याला पहिली चिठ्ठी, मग तो वर्गात चौथा आलेला का असेना. गट धड्यागणिक बदलले पाहिजेत. भूमितीत पुढे असलेलं मूल अपूर्णांकात मागे असणं रोजचंच आहे. कायमचा 'हुशार बाक' तयार झाला, की मागच्या बाकावरची मुलं अंदाज लिहिणंच सोडतात.

दोन गोष्टी हमखास बिघडतात. पाचव्या आणि दहाव्या भागासाठी ३० सेंमीची पट्टी करावी लागते. ती आणि २४ ची एकाच पाकिटात गेली, की १/३ एकदा ८ सेंमी भरतो, एकदा १० सेंमी. 'कोणत्या पूर्णाचा तिसरा भाग' हा प्रश्न मोलाचा आहे, पण तो तुम्ही ठरवून विचारायचा, अपघाताने नाही. पाकिटं वेगळी ठेवा. दुसरं, चार दिवसांत मुलं 'निळा म्हणजे पाव' असं पाठ करतात. त्यावर उपाय म्हणून १२ सेंमीचा तुकडा हातात घ्या आणि म्हणा, आज हाच एक पूर्ण. आता निळा कोण? वर्ग दोन मिनिटं गप्प होतो. होऊ द्या.

तिसऱ्या तासाला पट्ट्या पाकिटात, वहीत फक्त आकृती. पाचव्याला फक्त अंक. घरी आजी-आजोबा असतील आणि त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी (पाव, अर्धा, पाऊण यांचे जुने पाढे) येत असेल, तर मुलांना ती ऐकून यायला सांगा. पाऊणकीत 'चोक तीन' म्हणजे तीन-तीन पावांचे चार गठ्ठे, हे पट्ट्यांवर सुरेख दिसतं.

प्रश्न : माझा मुलगा सातवीत नेहमी वरच्या तिघांत असतो. शाळेत सध्या त्याला चणे आणि राजमा मोजायला बसवतात. ज्याला येतं त्याचा वेळ यात फुकट जात नाही का?

प्रश्न तोच राहिला तर जातो. पण 'येतं' आणि 'का ते सांगता येतं' यांत अंतर आहे, आणि ते मोजायला घरीच एक गणित देऊन पाहा. अंशस्थानी १ असलेल्या दोन अपूर्णांकांची बेरीज १/२ व्हायला हवी. सगळ्या जोड्या शोध. १/३ + १/६ आणि १/४ + १/४, दोनच. मग १/३ साठी: १/४ + १/१२, १/६ + १/६. मग १/४ साठी तीन: १/५ + १/२०, १/६ + १/१२, १/८ + १/८. १/६ साठी पाच आहेत. त्या त्याने शोधाव्यात, आणि आणखी नाहीत हे कशावरून, तेही सांगावं. आठवीत गेल्यावर त्याला दिसेल, की दोन्ही छेदांमधून ६ वजा केले की उरलेल्या संख्यांचा गुणाकार दर वेळी ३६ येतो. १/६ = १/१० + १/१५ घ्या: ४ × ९.

शाळेला एवढं मात्र जरूर सांगा, की त्याला दर वेळी मागच्या मुलांचा 'छोटा सर' करू नका. आठवड्यातून एकदा समजावून सांगणं त्याच्याही फायद्याचं. रोज तेच केलं तर त्याचं स्वतःचं गणित थांबतं.

प्रश्न : थाटीपूरला घरी शिकवणी घेतो, सहावी-सातवीची नऊ मुलं एकत्र. ऋण संख्यांची बेरीज करतात, पण −३ − (−५) आलं की कोणी −८ म्हणतं, कोणी −२. 'उणे उणे अधिक' पाठ करून घेतलं, तर आता −३ − ५ चंही उत्तर +८ देतात!

नियम समजण्याआधी पाठ झाला, की तो असा नको तिथे घुसतो. आठवडाभर तो नियम उच्चारायचाच नाही.

किराण्यातून काबुली चणे आणि राजमा, दोन्ही १००-१०० ग्रॅम आणा. प्रत्येकाच्या पुडीत १२ चणे, १२ राजमे. चणा म्हणजे जमा एक रुपया, राजमा म्हणजे उधारी एक रुपया. एक चणा आणि एक राजमा मिळून शून्य; ही जोडी कधीही ठेवता येते, कधीही उचलता येते. ऋण संख्येला तापमानाचं उदाहरण देऊ नका. ग्वाल्हेरच्या मुलाने जानेवारीत दात वाजवले असतील, पण शून्याखालचा पारा सहसा पाहिलेला नसतो. उधारीची वही मात्र गल्लीतल्या दुकानात रोज दिसते. सातव्या शतकात, ६२८ मध्ये, ब्रह्मगुप्ताने हे नियम मांडले तेही धन आणि ऋण याच शब्दांत, म्हणजे मालमत्ता आणि कर्ज.

आता −३ − (−५). पाटीवर तीन राजमे. त्यातून पाच राजमे उचलायचेत, पण आहेत तीनच. म्हणून दोन शून्य-जोड्या आत आणा: दोन चणे, दोन राजमे. पाटीवर आता पाच राजमे, दोन चणे; किंमत अजून ऋण तीनच. पाच राजमे उचला. उरले दोन चणे, उत्तर +२. कर्ज माफ झालं की माणूस वर येतो, हे सांगावं लागत नाही.

चूक एका ठरावीक जागी होते. कमी पडलेले दोन राजमे मुलं नुसते पुडीतून काढून ठेवतात, सोबत चणे ठेवत नाहीत. मग पाटी −५ ची होते आणि उत्तर शून्य येतं. म्हणून उचलण्याआधी प्रत्येकाने मोठ्याने म्हणायचं: 'पाटीवर अजून किती?' ऋण तीन असं उत्तर आलं, तरच हात पुढे.

दुसरी गोम बोलण्यात आहे. शाळेत दोन्ही चिन्हांना 'मायनस' म्हणतात: मायनस थ्री मायनस मायनस फाइव्ह. मराठीत आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत, ते वापरा. 'ऋण तीन वजा ऋण पाच'. ऋण ही संख्येची जात, वजा ही क्रिया. लिहितानाही आठवडाभर संख्येचं चिन्ह बारीक आणि थोडं वर काढा. तुमच्या मुलांनी −३ − ५ चं +८ केलं, ते याच गोंधळातून.

पुडी तीच ठेवून प्रश्न बदला. सहावीतल्यांना फक्त बेरीज, तीही सहाच्या आतली. पुढच्यांना वजाबाकी, शून्य-जोडीसह. त्याहून पुढच्यांना: बरोबर १० दाणे वापरून −२ मांडा (४ चणे, ६ राजमे). आता ९ दाण्यांत मांडून दाखवा. होत नाही. का होत नाही, हे त्यांनी लिहून द्यायचं. आणि −३ साठी दाणे सम लागतील की विषम, तेही.

ऋण गुणिले ऋण मात्र दाण्यांवर ओढूनताणून बसवू नका. 'ऋण दोन वेळा उचलणं' समजावण्यात मोठी माणसंही अडखळतात. त्याला पायऱ्या बऱ्या: ३ × (−२) = −६, २ × (−२) = −४, १ × (−२) = −२, ० × (−२) = ०. दर पायरीला दोन वाढतात. पुढची पायरी मुलांनीच लिहावी.

प्रश्न : मुरारला सहावीला शिकवते. मुलं परिमिती आणि क्षेत्रफळ यांची सारखी अदलाबदल करतात. जिओबोर्ड (रबर ताणून आकृत्या करायचा खिळ्यांचा बोर्ड) विकत घ्यावा का? किल्ल्यावर सहल नेणार आहोत, तिथे काही करून घेता येईल का?

विकत नको. १२ मिमी जाडीच्या प्लायवुडचे २५ × २५ सेंमीचे तुकडे सुताराकडून कापून घ्या. कडेपासून अडीच सेंमी सोडून ४-४ सेंमीवर खुणा करा. सहा ओळी, प्रत्येकीत सहा, असे ३६ खिळे. खिळा एक इंची, आत साधारण १० मिमी ठोकायचा. पूर्ण ठोकला तर प्लाय फोडून मागे टोक येतं आणि बाकावर ओरखडे पडतात. फार कमी ठोकला तर रबर ताणल्यावर वाकतो. चार मुलांत एक बोर्ड पुरतो, जोडीला प्रत्येकाकडे ठिपक्यांचा कागद.

बोर्डावर दोन चुका होतात. मुलं खिळे मोजतात, त्यांमधली अंतरं मोजत नाहीत. चार खिळ्यांची बाजू तीन एकक असते. पहिल्या दिवशी बोटाने 'उडी' मारत मोजायला लावा. आणि तिरक्या बाजूलाही ती एकच एकक धरतात. तिथे दोऱ्याचा तुकडा लावून दाखवा, की तिरकी उडी लांब आहे. तोवर आकृत्या आडव्या-उभ्या बाजूंच्याच ठेवा.

काम असं. परिमिती १२ ठेवून आयत करा: १ × ५, २ × ४, ३ × ३. क्षेत्रफळ ५, ८, ९. कुंपण तेवढंच, जमीन वेगळी. अदलाबदलीवर याहून चांगलं औषध नाही. मधल्यांना: आयताचं बंधन काढा, एल किंवा टी आकार चालतील, परिमिती १२ च ठेवून ५ पासून ९ पर्यंतचं प्रत्येक क्षेत्रफळ करून दाखवा. पाचही होतात. पुढच्यांना: आकृतीच्या कडेवरचे खिळे आणि आतले खिळे मोजून तक्ता करा. कडेवरच्यांचे निम्मे, अधिक आतले, उणे एक, म्हणजे क्षेत्रफळ. ३ × ३ च्या चौरसात कडेवर १२, आत ४: ६ + ४ − १ = ९. हे सूत्र गणितज्ञ गेओर्ग पिक यांनी १८९९ मध्ये मांडलं. मुलांना आधी सांगू नका. आत एकही खिळा नाही अशा आकृत्या आधी, मग एक खिळा असलेल्या, या क्रमाने तक्ता भरला तर ती स्वतःच त्याच्या जवळ पोचतात.

सहलीचं म्हणाल, तर किल्ल्याच्या पूर्वेकडच्या चढावर कातळात कोरलेलं चतुर्भुज मंदिर चुकवू नका. तिथला शिलालेख विक्रम संवत ९३३ चा, म्हणजे इ.स. ८७६ चा. गोल शून्य अंकांत स्पष्ट कोरलेला दिसतो, अशा देशातल्या फार जुन्या लेखांपैकी हा एक. लेखात देवासाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद फुलबागेची आणि रोजच्या ५० हारांची नोंद आहे. शून्य पाहायचं ते २७० मध्ये आणि ५० मध्ये. परिमिती-क्षेत्रफळाचं गणित अकराशे वर्षांपासून तयार आहे, आपण पुस्तकातली काल्पनिक बाग घेऊन बसतो.

परत आल्यावर व्हरांड्यात खडूने ही बाग काढा. एका हाताला एक सेंटिमीटर धरला, तर २.७० मीटर × १.८७ मीटरचा आयत येतो. चार बाजू बरोबर मोजूनही आकृती हटकून तिरकी होते, कारण कोपरा काटकोनात आहे की नाही हे कोणी पाहत नाही. दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही ३ मीटर २८ सेंमीच्या आसपास आले तरच आयत. मग प्रश्न. पहिली पातळी: कुंपण किती हात (९१४), जमीन किती चौरस हात (५०,४९०). दुसरी: हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. तो ४५ सेंमी धरला तर बाग किती मीटरांची? १२१.५ × ८४.१५, म्हणजे एक हेक्टरहून थोडी जास्त. तिसरी: प्रत्येकाने आपला हात मोजायचा. एखाद्याचा ३६ सेंमी भरला तर त्याच्या मापाने बाग किती लहान? लांबी ०.८ पट झाली, म्हणून मुलं क्षेत्रफळही ०.८ पट म्हणतात. ते ०.६४ पट होतं. इथे घाई करू नका. दोन वेगळ्या मापांचे चौरस कापून एकावर एक ठेवायला लावा.

हात मोजताना कोणी मूठ मिटतं, कोणी बोटं ताणतं. भिंतीला कोपर टेकवून, तळवा उघडा ठेवून मोजायचं, असा नियम आधीच करा.

प्रश्न : आठवीच्या समीकरणांसाठी तराजू वापरला. फळ्यावर बरोबर येणारं गणित तराजूवर झुकतंच.

काड्यापेटीत क्ष वस्तू ठेवता ना? मग रिकाम्या पेटीचंही वजन आहे, ते विसरलात. २क्ष + ३ = ११ मांडताना डाव्या पारड्यात दोन भरलेल्या पेट्या आणि तीन वॉशर; उजवीकडे अकरा वॉशर, शिवाय दोन रिकाम्या पेट्या. ३क्ष + २ = क्ष + १० मध्ये डावीकडे तीन पेट्या, उजवीकडे एक, म्हणून उजवीकडे रिकाम्या दोन. दोन्ही समीकरणांत पेटीत चार-चार वॉशर.

आत काड्या ठेवू नका, त्या इतक्या हलक्या की तराजू दखल घेत नाही. रुपयाची नाणीही नकोत. जुन्या आणि नव्या नाण्यांचं वजन सारखं नाही. लोखंडी वॉशर एकाच पाकिटातले घ्या. मुलं पेटी कानाशी हलवून आतले वॉशर मोजतात, तेव्हा कापूस भरा आणि चिकटपट्टी लावा. रिकाम्या पेट्यांतही तेवढाच कापूस.

पुढे असलेल्यांना २क्ष + ५ = २क्ष + ९ द्या आणि विचारा, पेटीत किती भरले तर पारडं समतोल होईल? आणि २क्ष − ३ आलं की तराजू बाजूला ठेवा. उणे वजन नसतं, ओढाताण करू नका. तिथे कागदी फरशा चांगल्या: एकक २ × २ सेंमी, क्ष ची पट्टी २ सेंमी रुंद आणि ७.३ सेंमी लांब. ८ किंवा १० सेंमी केली तर मुलं एकक लावून मोजतात आणि 'क्ष म्हणजे ४' किंवा 'क्ष म्हणजे ५' असं कायमचं ठरवून टाकतात.

प्रश्न : घरी आम्ही मराठीत सांगतो, शाळेत हिंदी. नातू म्हणतो, आजोबा, तुमचं गणित वेगळं आहे.

गणित तेच आहे, नावं वेगळी. आपले अपूर्णांक ते त्याचे भिन्न, छेद तो हर, गुणोत्तर ते अनुपात, परिमिती ते परिमाप, घनफळ ते आयतन, मूळ संख्या त्या अभाज्य संख्या. खरी फसगत 'भाज्य' या शब्दात आहे. मराठीत ज्याला भागायचं ते भाज्य. हिंदीत भाज्य संख्या म्हणजे आपली संयुक्त संख्या. बारा-पंधरा शब्दांचा दोन रकान्यांचा कागद त्याच्या टेबलासमोर लावा, पण शिकवताना वस्तू आधी हातात द्या, नाव नंतर. 'सव्वा', 'दीड', 'अडीच' मात्र सोडू नका, आणि 'साडेतीन' म्हटलं की ३ पूर्णांक १/२ हे त्याच्याकडूनच काढून घ्या.

प्रश्न : हजिऱ्यातल्या सूफी संत मोहम्मद घौस यांच्या मकबऱ्याच्या जाळ्या मुलांना दाखवल्या. सगळ्यांना आवडल्या, पण वर्गात त्याचं गणित होईना.

फोटो तिरके काढले असतील, तर होणार नाही. बाजूने काढलेल्या फोटोत ६० अंशांचा कोन ५० भरतो. जाळीच्या अगदी समोर, मोबाइल भिंतीला समांतर धरून काढलेला फोटोच कोनमापकाखाली चालतो.

वर्गात जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद वापरा. सगळ्या आकृत्यांची बाजू ५ सेंमी. चौघांच्या गटाला ८ त्रिकोण, ६ चौरस, ४ पंचकोन, ६ षटकोन, ४ अष्टकोन. आधी प्रत्येक आकृतीचा एकच अचूक नमुना तुम्ही कापा आणि त्यावरूनच बाकीच्या आखून घ्या. एकावरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशी नक्कल केली तर सहाव्या षटकोनापर्यंत कोन पार बिघडतो. एका बिंदूभोवती फट न ठेवता काय काय बसतं, एवढाच पहिला प्रश्न. तीन पंचकोन ठेवले की ३६ अंशांची फट राहते. ती मुलांनी मोजायची नाही, काढायची: ३६० − ३२४. मधल्यांना दोन आकृत्या मिसळू द्या: दोन अष्टकोन आणि एक चौरस, दोन षटकोन आणि दोन त्रिकोण. पुढच्यांना: एकच सुसम आकृती वापरून फरशी भरायची तर त्रिकोण, चौरस, षटकोन हे तीनच का? आणि शेवटी एक फसवं: दोन पंचकोन आणि एक दशकोन, १०८ + १०८ + १४४, बरोबर ३६०. एका बिंदूभोवती नीट बसतं. मग याची फरशी का होत नाही? कागदावर दोन बिंदू पुढे जाऊन पाहायला सांगा.

प्रश्न : हे सगळं साहित्य ठेवायचं कुठे? गेल्या वर्षीचे चणे पावसाळ्यात किडले.

दाणे दर वर्षी नवे घ्या, किंवा दोन रंगांच्या बाटल्यांची झाकणं साठवा. ती किडत नाहीत आणि कोणी खातही नाही. प्रत्येक पाकिटावर आत किती तुकडे आहेत ते लिहा, आणि तासाची शेवटची तीन मिनिटं ते मोजून परत ठेवायला राखून ठेवा. १/१२ चे तुकडे सगळ्यात आधी हरवतात. त्या रंगाच्या पाच-सहा पट्ट्या जादा कापून ठेवा.